उत्तरेची बाल्कनी

१

"पेन ड्राइव्ह नाहीये."

अनुराधामावशी हे इतकं हळू म्हणाली, की माइक बंद असता तर कुणाला कळलंही नसतं. पण माइक चालू होता. नितीशदादाने नुकताच "वन टू, वन टू, किया ओरा" असा माओरी नमस्कार ठोकून तपासला होता. त्यामुळे ते वाक्य हॉलभर फिरलं आणि चहा ओतणारे हात जागच्या जागी थांबले.

जूनमधला शनिवार, दुपारचे साडेतीन. न्यूझीलंडमधल्या टौरंगा गावातल्या आम्हा मराठी लोकांचा महिन्यातून एकदा भरणारा 'शनिवार कट्टा'. अठरा घरं, भाड्याचा हॉल आणि दर वेळी उरणारा उपमा. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'व्हॅलेटा: भूमध्य समुद्रातलं सोनेरी बंदर. सचित्र गप्पा, अनुराधा आणि देवव्रत.' लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोघं एप्रिलमध्ये तीन आठवडे माल्टाला जाऊन आली होती. देवव्रतकाका बंदरात इंजिनियर, मावशी एका फार्मसीची मॅनेजर. आमच्याकडे 'जोडी म्हणजे कशी' असं कुणी म्हणालं की सगळ्यांची मान आपोआप त्यांच्याकडे वळायची.

मी म्हणजे इशिता, इयत्ता अकरावी. त्या दिवशी कट्ट्याच्या पेजसाठी फोनवर शूटिंग करत होते. माझ्याकडे सगळं आहे. मावशी कोट घालून स्टेजवर उभी, चष्मा नाकावर, जगदीशकाकांनी तिच्यासाठी लिहिलेलं स्वागताचं भाषण तीच तपासतेय. जगदीशकाका आमच्या कट्ट्याचे अध्यक्ष. कुणी निवडून दिलं नव्हतं, पण हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते.

"जगदीशभाऊ, 'सुविद्य पत्नी' काढा हो, लोक झोपतील."

"राहू द्या वहिनी, भारदस्त वाटतं."

मग मावशी वळून म्हणते, "श्रिया, किचनमधून माझी पर्स आण गं बाळा." श्रिया पर्स आणते. मावशी आत हात घालते. आणि मग ते वाक्य.

"नितीशने टेस्ट करून पर्समध्येच परत ठेवला होता," मावशी म्हणाली. "आता नाही."

सगळ्यांनी श्रियाकडे बघितलं.

२

श्रिया माझी बेस्ट फ्रेंड. तिची आई, विमलकाकू, किवी फळं निवडून भरायच्या पॅकहाउसमध्ये कामाला आहे. आमच्या अठरा घरांत तशी ती एकटीच. बाकी सगळे डॉक्टर, नर्स, आयटी, इंजिनियर. काकूला कट्ट्यावर सगळे "या, या" म्हणतात आणि मग ती किचनमध्ये कप धुताना दिसते. त्या दिवशी श्रियाही तिच्याबरोबर तिथेच कप धूत होती.

श्रिया दर शनिवारी सकाळी मावशीच्या फार्मसीत काउंटरवर असायची. तिला पुढे फार्मसीच करायची होती. मावशीने तिला औषधांची नावं, पेशंटशी कसं बोलायचं, सगळं शिकवलं होतं. तिच्या खोलीत भिंतीवर नेमप्लेटचा स्टिकर होता, 'श्रिया, फार्मसी असिस्टंट'. मी त्यावर जाम हसले होते. ती नव्हती हसली.

"मागच्या आठवड्यात उशीर झाला म्हणून वहिनी तिला बोलल्या होत्या ना?" जगदीशकाका माझ्या बाबांना सांगत होते. कुजबुजत, म्हणजे त्यांच्या हिशेबाने. "त्याचा राग. आणि पर्समध्ये फार्मसीच्या किल्ल्या पण असतात म्हणे. आज पेन ड्राइव्ह गेला, उद्या काय जाईल? औषधांच्या दुकानात असली मुलगी ठेवणं बरं नाही. पुढच्या शनिवारी सगळे जमू आणि ठरवू. तोवर वहिनींनी तिला कामावर बोलावू नये."

मावशी म्हणाली, "बघू."

फक्त "बघू". माझं डोकंच फिरलं.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायची नाही. मेमध्ये शाळेच्या स्पीच कॉम्पिटिशनमध्ये पहिली आले, ती मावशीमुळे. दर बुधवारी तिच्या घरी जाऊन मी बोलायचे आणि ती सोफ्यावर पाय वर घेऊन ऐकायची. "शेवटच्या वाक्याआधी थांब," ती सांगायची. "लोकांना जरा ताटकळू दे. मग बोल." त्यानंतर मला वाटायला लागलं होतं की माझ्या हातात माइक असला की काहीही होऊ शकतं.

त्यामुळे मी तिथेच ठरवलं. सात दिवसांत चोर शोधायचा, श्रियाची शनिवारची नोकरी वाचवायची, आणि तीही सगळ्यांच्या समोर.

श्रियाला मी काहीच विचारलं नाही. तिला काय विचारायचं? ती तर निर्दोषच होती.

३

रविवारी नितीशदादाला डेअरीबाहेर गाठलं. तो दूध घ्यायला आला होता, जूनच्या थंडीत पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला.

"अगं शेरलॉकताई, एक पेन ड्राइव्ह तर गेलाय."

"दादा, तू टेस्ट केलास तेव्हा नेमकं काय काय झालं? सगळं सांग."

"एकच फोटो लावला. देवव्रतकाका, मागे पिवळ्या दगडाची भिंत, ऊन. मस्त फोटो. मावशी म्हणाली, मोठा कर. केला. मग म्हणाली, बास, बंद कर. मी ड्राइव्ह काढला."

"आणि ठेवलास कुठे?"

"पर्समध्ये. चष्म्याच्या डबीत, चष्म्याच्या खाली. तीच म्हणाली, तिथे ठेव म्हणजे हरवत नाही. मग मी पर्स किचनच्या ओट्यावर ठेवून आलो. कळलं? जाऊ दूध घेऊन? बायको चहाला थांबलीय."

सोमवारी जगदीशकाका. त्यांच्यावर माझा खरा संशय होता, कारण त्यांच्याकडे स्वित्झर्लंडचे सहाशे चाळीस फोटो आहेत आणि तीन वर्षांत एकदाही त्यांना स्लॉट मिळालेला नाही.

"भाषण तपासायला येईपर्यंत मी पूर्ण वेळ दारात उभा होतो," ते म्हणाले. "येणाऱ्यांचं स्वागत करत. विचार कुणालाही." विचारलं. खरंच उभे होते. सगळ्यांना प्रत्येकी दोनदा नमस्कार केला होता.

देवव्रतकाका फोनवर गोड बोलले. "जाऊ दे ना इशू, फोटोच ते. शहर काही पळून जात नाही."

"काका, तुमच्या फोनवर कॉपी असेल ना?"

"नाही गं. डिलीट झाले."

पंचविसाव्या वाढदिवसाचे फोटो, ना बायकोकडे, ना नवऱ्याकडे. मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मंगळवारी शाळा सुटल्यावर फार्मसीत गेले. मावशी मागच्या बाजूला गोळ्या मोजत होती. चेहरा उतरलेला.

"मावशी, नितीशदादाने ठेवल्यानंतर तू पर्सला हात लावला होतास?"

"नाही गं. किचनमध्ये होती ती. श्रियाने आणली तेव्हाच उघडली."

"नक्की?"

"नक्की." मग ती माझ्याकडे बघून हसली. "वकील होणार तू. आवाज छान लागलाय."

घरी आले आणि ते शूटिंग पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मध्येच थांबवलं.

मावशीच्या नाकावर चष्मा होता. पर्स येण्याच्या आधी.

४

मला ते पटेनाच. मावशी स्वतःचाच पेन ड्राइव्ह का लपवेल? आणि श्रियावर आळ येतोय हे दिसत असताना गप्प का बसेल? बुधवार गेला, गुरुवारही संपत आला.

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी पुण्याला बाळकाकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवत होते आणि काका कौतुकाने कॅमेरा फिरवत होते.

मी ओरडले, "काका, सगळी उलटी लावलीत! तोंडं दक्षिणेला आहेत. ऊन उत्तरेकडून येतं ना!"

बाबा हसून हसून खोकले. "अगं वेडे, ते इथे. आपण पृथ्वीच्या खालच्या बाजूला आहोत. तिकडे ऊन दक्षिणेकडून. म्हणून तर इथे घर घेताना सगळे नॉर्थ-फेसिंग, नॉर्थ-फेसिंग करत नाचतात. एकोणीस वर्षं राहिलं की माणूस विसरतो."

मी हसले. मग माझं हसू थांबलं.

मावशीने माल्टाहून आल्यावर कट्ट्याच्या पत्रिकेत एक लेख लिहिला होता. तो टाइप मीच केलेला, त्यामुळे मला जवळजवळ पाठ होता. मी खोलीत पळाले आणि लॅपटॉप उघडला.

'आम्ही मुद्दाम उत्तरेची बाल्कनी मागून घेतली. भर दुपारी ऊन थेट आत यायचं आणि कठड्यावर टाकलेले पोहण्याचे ओले टॉग्ज तासाभरात खडखडीत वाळायचे. बारा वाजता किल्ल्यावरची तोफ धडधडली की कबुतरं उडायची. संध्याकाळी ओहोटी लागली की धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडायच्या, आणि आम्ही दोघं मोजत बसायचो.'

माल्टा पृथ्वीच्या वरच्या बाजूला. उत्तरेच्या बाल्कनीत भर दुपारी ऊन? मग ओहोटीचं शोधलं. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद, तिथे पाणी फार तर वीतभर वरखाली होतं. पायऱ्या उघड्या पडतात त्या आमच्या टौरंगात. मावशीच्या रत्नागिरीत.

तोफ पुस्तकात मिळते. कबुतरंही. पण ऊन आणि पाणी मावशीने कुठे शोधून बघितलंच नाही. ते कोण शोधतं? ते माहीतच असतं.

मी बेडवर उभी राहून एकटीच नाचले. खरं सांगते, नाचले. केस सुटली होती.

५

शनिवार. हॉल गच्च भरलेला, उपम्यापेक्षा उत्सुकता जास्त. श्रिया मागच्या रांगेत विमलकाकूला चिकटून बसली होती. काकूने इस्त्रीची साडी नेसली होती, जणू निकाल ऐकायला आली होती. देवव्रतकाका खिडकीशी.

जगदीशकाकांनी घसा खाकरला. "आपण सगळे कुटुंबासारखे. तरीपण..."

मावशीने हात वर केला. अंगात तोच कोट, दुसरा हात खिशात. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण माइक तोवर माझ्या हातात आला होता.

"एक मिनिट मावशी," मी म्हणाले. "आधी मी."

आणि मी बोलले. काय बोलले! आवाज एकदाही थरथरला नाही.

"नितीशदादाने पेन ड्राइव्ह चष्म्याच्या डबीत, चष्म्याच्या खाली ठेवला. बरोबर ना दादा?"

"हो."

"डबी पर्समध्ये. पर्स किचनमध्ये. मावशी म्हणते, तिने पर्सला हात लावला नाही. मग हे बघा." मी फोन प्रोजेक्टरला जोडला होता. पडद्यावर मावशी, हातात भाषणाचा कागद. "श्रिया पर्स आणायला अजून गेलीसुद्धा नाहीये. तरी चष्मा नाकावर आहे. मग डबी आधी कुणी उघडली?"

इथे मी थांबले. लोकांना ताटकळू दिलं.

"मावशीनेच. पेन ड्राइव्ह श्रियाने घेतला नाही. मावशीने घेतला."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. विमलकाकूने तोंडावर पदर धरला. श्रिया सुटली होती. माझं काम झालं होतं. मी इथे थांबू शकले असते. पण माझ्याकडे अजून एक मुद्दा होता, आणि तो पहिल्यापेक्षा भारी होता.

"पण वहिनी असं कशाला करतील?" जगदीशकाकांनी विचारलं, जणू मी त्यांना शिकवूनच आणलं होतं.

"कारण मावशी व्हॅलेटाला गेलीच नव्हती."

मग उत्तरेची बाल्कनी. मग टॉग्ज. मग ओहोटी. सगळं क्रमाने, एकेक बोट दुमडत. मावशीकडे मी बघितलं नाही. स्पीच देताना मागच्या भिंतीकडे बघायचं, हेही तिनेच शिकवलेलं.

माझं संपलं. टाळ्या आल्या नाहीत. मागच्या रांगेतून विमलकाकूचा आवाज आला. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं.

"मग ह्यांचे फोटो काढले कुणी?"

६

देवव्रतकाकांनी जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली. "ऑफिसचे लोक होते सोबत," ते म्हणाले.

मावशी उठली. तिने कोटाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि नितीशदादाच्या टेबलावर ठेवला.

"लाव. तोच फोटो. आता मोठा कर. पायाशी."

पिवळी भिंत आली. काका हसताहेत. आणि त्यांच्या बुटांपाशी, फरसबंदीवर, फोटो काढणाऱ्याची सावली. वर उचललेले दोन हात, आणि वाऱ्यावर उडणारे कमरेपर्यंतचे केस.

मावशीचे केस कानापर्यंत आहेत. मी तिला ओळखते तेव्हापासून.

"फोनवर दिसली नव्हती मला ती," मावशी म्हणाली. माइक नसताना तिचा आवाज अगदी साधा होता. "फोटो ह्यांनीच पाठवले. म्हणाले, तिकिटं काढल्याचं सगळ्यांना सांगून बसलोय, निदान दाखवायला तुझ्याकडे काही असावं. घरात काही का असेना, चारचौघांत जोडीने. मी इथेच, पामर्स्टन नॉर्थला होते, माझ्या मैत्रिणीकडे, मैत्रेयीकडे. तीन आठवडे. पडदे ओढून. ऊन कुठून येतं, ते बघायला बाहेर पडलेच नाही."

तिने पर्स उचलली.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने.

"छान बोललीस," ती म्हणाली. "थांबलीस पण बरोबर जागी."

आणि दार लागलं.

मग काय झालं सांगू? कुणीतरी देवव्रतकाकांच्या हातात चहाचा कप दिला. "साखर कमी ना तुम्हाला?" कुणीतरी म्हणालं, "बाईने इतकं खोटं लिहावं म्हणजे कमालच." एक काकू म्हणाली, "आणि आपल्या पत्रिकेत!" काकांना कुणी एक शब्द विचारला नाही. दहा मिनिटांनी जगदीशकाका पडद्यासमोर आले. "सगळे जमलेच आहोत तर, माझे स्वित्झर्लंडचे आहेत." पहिला फोटो गाईचा होता. लोक बसले.

मी श्रियाला शोधत कार पार्कमध्ये गेले. ती काकूच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, रडत. मला वाटलं, सुटल्याच्या आनंदाने. मी काचेवर टकटक केलं आणि अंगठा वर केला. "स्वीट ॲज! एकदम मस्त!" ती समोरच बघत राहिली. गाडी निघून गेली.

७

मावशीने जुलैत नोकरी सोडली. पामर्स्टन नॉर्थला हॉस्पिटलच्या फार्मसीत गेली म्हणे. टौरंगाच्या फार्मसीत नवा मॅनेजर आला. त्याला शनिवारची मुलगी नको होती.

श्रिया शाळेत माझ्याशी हो-नाही एवढंच बोलायची. ऑगस्टमध्ये एका रविवारी मी सायकलवरून पॅकहाउसच्या गेटपाशी जाऊन थांबले. ती आईबरोबर बाहेर आली, डोक्याला जाळी, बोटं गारठून लाल झालेली. आता वीकेंडला तीही तिथेच किवी निवडते. मला बघून काकू म्हणाली, "बोला तुम्ही, मी गाडीत बसते."

"काय चुकलं माझं?" मी विचारलं. "मी तुला सोडवलं."

"मी किचनमध्ये होते, इशिता. कप धूत." ती जाळी काढून घडी घालत होती. छोटी, अजून छोटी. "मावशी आत आली, डबी उघडली, चष्मा घातला, ड्राइव्ह कोटात टाकला. मग तिला दिसलं की मी बघतेय."

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारी तू फार्मसीतून गेलीस ना, त्यानंतर तिने मला बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. काकांचंपण. माझ्यासमोर रडली. म्हणाली, शनिवारी मी सगळ्यांसमोर म्हणते की मलाच सापडला, कोटाच्या अस्तरात गेला होता, श्रियाची माफी मागते. एका मिनिटात संपलं असतं. लोक म्हणाले असते, वय झालं अनुराधाचं, वेंधळी झाली. आणि पुढच्या शनिवारी मी काउंटरवर."

वर केलेला हात मला आठवला. खिशातला दुसरा हात.

"मग तू मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज फाटला. "आठवडाभर मी अख्ख्या गावात फिरत होते! नितीशदादा, जगदीशकाका, फोन, फार्मसी... सगळ्यांना विचारत!"

"हो," श्रिया म्हणाली. तिने जाळी खिशात ठेवली आणि गाडीकडे वळली.

"मला सोडून."